अकरा मजल्यांचा पिवळा सापळा

इमारतीला बाहेरून रंग मारणाऱ्या माणसाला लोक नेहमी एकच विचारतात, एवढ्या उंचावर भीती नाही वाटत? खरं सांगायचं तर उंचीची भीती पहिल्या दोन-तीन महिन्यांत मरते. मला शेवटपर्यंत भीती वाटली ती ओल्या रंगाची. ब्रश फिरवल्यापासून भिंत वाळेपर्यंतचे दोन-तीन तास तुमच्या हातात काही नसतं. धूळ येऊन बसते, कबुतर पंख घासून जातं, संक्रांतीच्या दिवसांत तुटलेला मांजा येऊन चिकटतो. एका बंगल्यात मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांनी सवयीने भिंतीचा आधार घेतला आणि पाचही बोटं स्वच्छ उमटली. मी पुसायला धावलो, तर मालक म्हणाला, "राहू द्या, रघुनाथभाई. घर त्यांनीच बांधलंय." तो पंजा तसाच वाळू दिला.

मी मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेत आलो तो लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, काम करायला. कारखान्यातल्या तंतूंनी छातीत खोकला धरला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की मोकळ्या हवेतलं काम बघा. मोकळी हवा मला मिळाली ती सातव्या-आठव्या मजल्यावर, दोराला लटकून. आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि नंतर स्वतःची माणसं घेऊन मी तीस वर्षं तेच काम केलं. गेल्या वर्षी थांबलो. त्या तीस वर्षांतला एक उन्हाळा आजही झोपेतून उठल्याबरोबर आठवतो. चार वर्षं झाली त्याला.

आधी आमचं काम थोडं समजून घ्या. गच्चीवर लोखंडी तुळया आडव्या टाकायच्या, त्यांच्या मागच्या टोकांवर वाळूच्या गोण्यांचं वजन ठेवायचं, पुढून दोर सोडायचे आणि दोरांना एक फळी बांधायची. हा झुला. फळीवरच्या माणसाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला वेगळा दोर असतो, म्हणजे फळी गेली तरी माणूस राहतो. गच्चीवर एक जण फक्त दोर सांभाळतो. तो वरून ओरडतो "ढील!" की फळी खाली जाणार, "खेच!" की वर येणार. झुल्यावरच्याचं तोंड भिंतीकडे असतं, वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. म्हणून मी माणूस घेताना त्याचे हात नंतर बघायचो, कान आधी.

उन्हाळ्यात रंग सावलीत मारायचा असतो. तापलेल्या भिंतीवर रंग लगेच ओढला जातो आणि ब्रशचे पट्टे दिसतात. त्यामुळे सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, आणि मधले चार तास खाली पार्किंगमध्ये आडवं व्हायचं. सुरतेच्या मे महिन्यात समुद्राकडचा वारा असतो. घाम काढतो, पण भरवशाचा असतो.

ती सोसायटी दिंडोलीच्या पुढे, पलसाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. अकरा मजले, आणि तिच्यामागे पूर्वेला सगळी भाताची आणि उसाची शेतं. सोसायटीचे प्रमुख हसमुखभाई, कपड्याचे व्यापारी. माणूस हौशी. त्यांना इमारत पिवळी हवी होती. फिकट वगैरे नाही, पिकल्या लिंबासारखी.

"हायवे परथी देखावी जोईए," ते म्हणाले. हायवेवरून दिसली पाहिजे.

नमुना म्हणून आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर एक चौकोन मारून दाखवला. बाजूला भटू उभा होता. भटू माझा सगळ्यात जुना माणूस, वीस वर्षं माझ्या झुल्यावर. आम्ही दोघं सुरतेत नवागामला एकाच गल्लीत राहायचो. त्याच्या भावाची धरणगावकडे कपाशी आहे. तो त्या पिवळ्या चौकोनाकडे बघत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "अप्पा, हाऊ रंग नको. किडा येतीन."

हसमुखभाईंनी विचारलं, "शुं कहे छे आ?" काय म्हणतोय हा?

मी म्हणालो, "काही नाही साहेब, गावाकडचं बोलतोय."

भटू मला समजावू पाहत होता. कपाशीत पांढरी माशी आणि तुडतुडे पकडायला शेतकरी पिवळे पत्रे टांगतात आणि त्यांना चिकट तेल नाहीतर ग्रीस फासतात. पिवळा रंग बघून किडे येतात आणि चिकटतात. हे मलाही माहीत होतं. पोरवयात मी स्वतः असे पत्रे टांगले होते. पण चार महिने दुसऱ्या दोन ठेकेदारांशी झगडून ते काम माझ्या हातात आलं होतं आणि पहिल्याच दिवशी प्रमुखांच्या आवडीला नाव ठेवायची माझी छाती झाली नाही. मी भटूकडे डोळे वटारून बघितलं. नंतर त्याने तो विषय काढलाच नाही.

पहिले पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत छान निघाली. हसमुखभाई रोज संध्याकाळी रस्त्यापलीकडे उभे राहून फोटो काढायचे. किड्यांची माझी धास्ती गेली.

मग हवा फिरली. मे महिना अर्धा सरला असेल. समुद्राकडचा वारा एकाएकी पडला आणि पूर्वेकडून, शेतांवरून वाहायला लागला. आकाशात भलत्याच वेळी ढग. सकाळी धुकं, दुपारी धुळीचे लोट, एकदा तर दहा मिनिटं बोराएवढ्या गारा. त्याच आठवड्यात मागच्या शेतांत उन्हाळी भाताची कापणी चालली होती. भात कापलं की त्याच्यातले किडे उठतात. आणि समोर आमची अकरा मजल्यांची पिवळी ओली भिंत.

पहिल्या संध्याकाळी पूर्वेची भिंत बघून मला वाटलं, कुणी तीळ फेकलेत. जवळ गेलो तर तुडतुडे. हजारो. काही अजून पाय हलवत होते. हाताने काढायला गेलं तर किडा निघायचा आणि पाय भिंतीत राहायचे. ब्रशने झटकलं तर रंगात लांबट काळी रेघ. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचं आणि परत हात मारायचा, एवढाच उपाय. आम्ही घासलं, परत मारलं, संध्याकाळी परत तीळ.

हसमुखभाईंनी बोटाने भिंत चाचपून बघितली. "कलरमां कचरो छे, रघुनाथभाई." रंगात भेसळ आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यासमोर सीलबंद डबा फोडला, काठीने ढवळून दाखवला. त्यांनी मान डोलावली, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

मी काय काय नाही केलं. हिरव्या जाळ्या बांधल्या, वाऱ्याने त्या ओल्या भिंतीवरच आपटल्या. खाली कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला, तर सातव्या मजल्यावरून सोनवणे बाई खाली आल्या. या बाई पालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. काम सुरू झाल्यापासून त्यांची माझ्याशी रोज एक तरी तक्रार असायची, तीही अगदी पुस्तकी मराठीत.

"आपण इमारत रंगवण्यास आला आहात की आम्हाला धुरी देण्यास?" त्या म्हणाल्या.

मी पाण्याची बादली ओतून जाळ विझवला.

दिवस वाया जात होते आणि पावसाळ्याच्या आत काम उरकायचं होतं. मी ठरवलं, संध्याकाळी पाचला थांबायचं ते सूर्य मावळेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे दोन तास जास्त मिळतील. किडे जास्तीत जास्त त्याच वेळी उठतात हे मला दिसत होतं. तरी ठरवलं. भटू एवढंच म्हणाला, "सांजले नको, अप्पा." मी म्हणालो, "मग केव्हा? आषाढात?" तो झुल्यावर चढला.

त्या संध्याकाळी हवा इतकी कोंदट होती की श्वास घ्यायला कष्ट पडत होते. आम्ही सगळे डोक्याला आणि कानांना रुमाल बांधून काम करायचो. भटूने घामाने भिजलेला रुमाल सोडून पट्ट्यात खोचला. मी गच्चीवर होतो, दोर सांभाळायला कैलास होता. पूर्वेला, पलसाण्याच्या बाजूला, आकाश तांबूस झालं. धुळीचं वादळ येत होतं.

"कैलास, भटूला खाली घे," मी म्हणालो.

कैलास ओरडला, "ढील!" खालून उत्तर आलं नाही. तो परत ओरडला. आणि मग खालून जो आवाज आला तो मी भटूच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मन्हा कानमा गयं! मन्हा कानमा काही गयं!"

मी कठड्यावरून वाकून बघितलं. सातव्या मजल्याजवळ झुल्यावर भटू उभा राहिला होता. झुल्यावर कुणी उभं राहत नाही. एका हाताने कान दाबत तो डोकं भिंतीवर आपटत होता. रंगाची बादली पायाने उडाली, खाली पार्किंगच्या पत्र्यावर मोठा पिवळा डाग पसरला. कानात जिवंत किडा गेलेला माणूस तुम्ही बघितला नसेल. एवढासा जीव, पण तो पडद्यावर पाय घासतो तेव्हा माणसाला डोक्यात गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. भटू अंधारात कोंडलेल्या जनावरासारखा झाला होता. त्याने ब्रश उलटा धरला आणि दांडा कानात घालायला लागला.

"नको भटू! काही घालू नको!" मी ओरडलो. त्याला ऐकू जात नव्हतं. फळी इतकी हेलकावत होती की कैलासला दोर सोडता येईना. सोडला असता तर एक टोक आधी खाली गेलं असतं. आणि मी बघितलं, भटूचा दुसरा हात कमरेच्या पट्ट्याच्या कडीवर होता. त्याला काय करायचं होतं ते त्यालाही माहीत नसेल. बहुतेक खिडकीत शिरायचं होतं. पण खिडकीला ग्रिल होती.

चार मजले जिने मी कसे उतरलो ते आठवत नाही. सातव्या मजल्यावर दोन्ही हातांनी दार बडवलं. सोनवणे बाईंनी उघडलं.

"बाई, स्वयंपाकघराची खिडकी. माझा माणूस आहे बाहेर. त्याच्या कानात किडा गेलाय."

त्यांनी दार सताड उघडलं. मी धावत जाऊन काच सरकवली. भटू हातभर अंतरावर होता, डोळे पांढरे झालेले. ग्रिलच्या गजांतून मी दोन्ही हात बाहेर काढले आणि त्याच्या कमरेचा पट्टा धरला. तो माझ्या हातांना झटकत होता. तेवढ्यात धुळीचा पहिला झोत आला आणि फळी भिंतीवर आपटून परत दूर झोकली गेली. माझे खांदे गजांवर आपटले. पट्टा मी सोडला नाही.

बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी ओढून काढली होती. ती माझ्या हातांखालून बाहेर घातली, भटूच्या पट्ट्यातून ओवून आत घेतली आणि ग्रिलला दोन गाठी मारल्या. मग गॅसवर लहान पळीत खोबरेल तेल ठेवलं, बोट बुडवून बघितलं आणि खिडकीशी आल्या. तोवर मी भटूला "शांत हो, शांत हो" असं पन्नास वेळा म्हणालो असेन. त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

बाईंनी ग्रिलमधून हात काढून त्याची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "ए भो, मन्हाकडे देख. मी तुन्ही मायनी जागे शे. मान वाकडी कर. हालू नको."

महिनाभर माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारी ती बाई! भटूने डोळे त्यांच्याकडे वळवले. आमच्या गावाकडची ती बोली त्याच्या चांगल्या कानातून आत गेली असावी. त्याने मान वाकडी केली. बाईंनी कानाची पाळी वर ओढली आणि तेल सोडलं, थेंब थेंब. भटू हलला नाही. मी मनात आकडे मोजत होतो. तीस-चाळीसपर्यंत आलो असेन तेव्हा त्याचे खांदे खाली आले.

"थांबनं," तो म्हणाला. थांबलं. आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

वादळाची पंधरा मिनिटं आम्ही तसेच उभे होतो, तो बाहेर, आम्ही दोघं आत. धुळीने बाईंचं सगळं स्वयंपाकघर तांबडं झालं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "धूळ पुसता येते. हात सोडू नका." वारा पडल्यावर बाईंनी ग्रिलची दोरी सोडली आणि कैलासने झुला हळूहळू खाली घेतला. भटूचे पाय जमिनीला लागलेले मी सातव्या मजल्यावरून बघितले आणि मग त्यांच्या फरशीवरच बसलो. माझ्या दोन्ही दंडांवर गजांचे निळे वळ उठले होते.

कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने किडा काढला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, तपकिरी भुंगेरा. पण दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, पडद्याला इजा झालीय, किड्याने का ब्रशच्या दांड्याने ते सांगता येत नाही. पाणी जाऊ देऊ नका, तीन आठवड्यांनी या, ऐकू किती येतं ते तेव्हा कळेल. भटूने त्या कानाशी चुटकी वाजवून बघितली. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, एका कानाचा माणूस झुल्यावर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काम बंद ठेवलं आणि हसमुखभाईंकडे गेलो. कमिटीची माणसं बसली होती, सोनवणे बाईही आल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. म्हणालो, "साहेब, पहिल्या दिवशी भटू काय बोलला ते मी तुमच्यापासून लपवलं. तो म्हणाला होता, पिवळ्यावर किडे येतील. त्याचं बरोबर होतं, आणि मला माहीत होतं."

हसमुखभाईंनी विचारलं, "तमे पहेलां केम न कह्युं?" आधी का नाही सांगितलं?

"काम जाईल म्हणून."

कुणीतरी मागून म्हणालं की हे सगळं बहाणे आहेत. तेव्हा बाई म्हणाल्या, "बहाणा आहे की नाही, ते आज संध्याकाळीच कळेल. दोन फळ्या रंगवा. एक पिवळी, एक दुसऱ्या रंगाची. शेजारी शेजारी टांगा. वाद कशाला?"

दोन प्लायवूडचे तुकडे मी रंगवले, एक पिवळा, एक फिकट राखाडी, आणि ओले असतानाच मागच्या भिंतीला टांगले. अंधार पडायच्या आत सगळी कमिटी तिथे जमली. राखाडीवर पंधरा-वीस किडे होते. पिवळी फळी पिवळी उरलीच नव्हती. हसमुखभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फळीला नाक लावून बघितलं, आणि माझ्या जन्मात मला त्या माणसाकडून जे अपेक्षित नव्हतं ते केलं. ते खो खो हसायला लागले. "आ तो खेतर थई गयुं!" हे तर शेत झालं! मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पेला भाईने केम छे?" त्या भावाचं कसं आहे?

पूर्वेची आणि उत्तरेची भिंत राखाडी करायची ठरली. आधीच्या दोन पिवळ्याच राहिल्या. हायवेवरून त्याच दिसतात, त्यामुळे हसमुखभाईही खूश. आम्ही पहाटे उजाडताच सुरू करून भिंत तापायच्या आत थांबायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी वारा परत समुद्राकडून सुरू झाला, तेव्हा किडे किती रंगाने गेले आणि किती वाऱ्याने, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण भिंत गुळगुळीत निघाली. शेवटचा हात वाळला आणि तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. भटू त्या दिवसांत खाली खुर्चीवर बसून डबे ढवळून द्यायचा. कुणी उजव्या बाजूने हाक मारली की डावीकडे बघायचा. मी ते बघायचो आणि दुसरीकडे तोंड करायचो.

तीन आठवड्यांनी मी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. आत दोनच खुर्च्या. भटू तपासायच्या खुर्चीवर, मी शेजारच्या. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि "हं" म्हणाले. मग त्याचा चांगला कान हाताने बंद केला, पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि कुजबुजत काहीतरी बोलले. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मला वाटलं, गेला कान. हे आपण केलं.

भटू म्हणाला, "हां साहेब, जेवून आलो. भरीत-भाकर."

डॉक्टरांनी आणखी एकदा कुजबुजून विचारलं. भटू म्हणाला, "नाही साहेब, वांग्याचं. नवागामच्या बाजारातलं."

माझे डोळे भरून आले. मी रुमालाने तोंड पुसतोय असं दाखवलं. डॉक्टर म्हणाले की पडदा भरून आलाय, महिन्याभराने काम करू द्या. मग ते माझ्याकडे वळले.

"मी काय विचारलं ते तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

त्यांनी भटूला हाताने खूण केली. "तुम्ही उठा. आता या काकांना इथे बसू द्या."